परतणाऱ्याचा चहा

३ एप्रिल

विहीणबाई,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीत आणि मुद्दा चौथ्या पानाच्या तळाशी. मी खानावळ चालवते हो. मुद्द्यापर्यंत पोचेस्तोवर तिकडे माझं दूध उतू गेलं. पुढच्या वेळी मुद्दा आधी लिहा, नमस्कार-चमत्कार मागून.

असो. मुद्दा समजला. माझी पोरगी आता दोन जिवांची आहे. तुमचा लेक दर रविवारी ते दोन माणसांचं विमान घेऊन आभाळात जातो. बाप होणार, तर आता त्याने ते बंद करावं असं तुमचं म्हणणं. तुम्ही सांगितलं की तो मान डोलावतो आणि रविवार आला की पुन्हा जातो. सासूचा शब्द मात्र मोडणार नाही, असं तुम्हाला वाटतं. बरोबर वाटतं. मला नाही म्हणायची हिंमत एकदाच माझ्या नवऱ्याने केली होती, तीही जेवायच्या वेळेपर्यंत टिकली.

खरं म्हणजे फोनच केला असता. पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोलले की गिऱ्हाइकांना वाटतं विहिणी भांडतायत. म्हणून हा कागद. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, चालवून घ्या. चार बुकं शिकले, त्यातलं शेवटचं अर्धं राहिलं.

माझं मतही तुमच्यासारखंच आहे. आठवडाभर हा माणूस लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो, तेवढं वर-खाली पुरत नाही का? मी ते विमान एकदा जवळून बघितलंय. कापड, काठ्या आणि तारा. माझा कपडे वाळत घालायचा घोडा त्याहून मजबूत आहे. आणि ते तिघा मित्रांत मिळून एक! तिघांत एक घोंगडी घेतली तरी कुणाचे तरी पाय उघडे पडतात.

१९ तारखेला त्यांच्या मैदानावर मेळावा आहे. कुठून कुठून छोटी विमानं येतात, उतरतात, दिवसभर एकमेकांना दाखवतात आणि संध्याकाळी उडून घरी जातात. ना कुणाचं लग्न ना काही. पोरीने मला पाहुणी म्हणून बोलावलंय. तिथेच त्याला बाजूला घेते आणि शब्द काढून घेते. तुम्ही निश्चिंत राहा.

तुमची विहीण


८ एप्रिल

ताई,

मुद्दा आधी लिहिते. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आता सप्रेम नमस्कार. दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. एक, चारचौघांत बोलू नका. दुसरी, माझं नाव घेऊ नका. आईने सासूला पुढे केलं असं त्याला वाटायला नको. तो मला दर वर्षी या मेळाव्याला बोलावतो. मी दर वर्षी शिवणाचं काम पुढे करते. शाळेचे गणवेश द्यायचे आहेत म्हणते. मेळावा असतो तेव्हा शाळेला सुट्टी असते, हे त्यालाही ठाऊक आहे. 

तुम्हाला वाटत असेल, ही बाई उगाच जिवाला घोर लावून घेते. म्हणून एकदा सांगते, पुन्हा विचारू नका. त्याचे वडील बस चालवायचे. त्या रस्त्यावर त्यांचं नाव होतं, गाडी कधी मागे घेत नाहीत म्हणून. अरुंद रस्त्यात समोरून कुणीही येवो, मागे घ्यायची ती समोरच्याने. लोक कौतुकाने सांगत. मीही ऐकून हसायचे. त्या दिवशी पुलावरून पाणी चाललं होतं. वाचलेल्या एका प्रवाशाने मला नंतर सांगितलं की ते थांबले होते. गाडी मागे घ्यायला लागलेही होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, "आज उस्ताद घाबरले वाटतं!" मग त्यांनी गाडी पुढे घातली. बाकीचे पोहून निघाले. ते निघाले नाहीत.

माझा लेक तेव्हा मांडीवर मावेल एवढा होता. आता नाक त्यांचं, उंची त्यांची, चालणंसुद्धा त्यांचं. ताई, मला आकाशाची भीती नाही. मला त्याच्या रक्ताची भीती आहे.

काय झालं ते खरं खरं कळवा.

तुमची,
सूनबाईची सासू


२० एप्रिल

विहीणबाई,

नमस्कार. अंग ठेचल्यासारखं दुखतंय, तरी लिहायला बसले. आज खानावळ बंद, म्हणून सगळं सांगते.

पाहुणी म्हणून गेले होते ना? पोचले तर पत्र्याच्या शेडमधल्या स्वयंपाकघरात दोन बाप्ये अंडी उकडायला ठेवून गप्पा हाणत होते. पाणी आटलेलं, अंडी तडतडायला लागलेली. मी म्हटलं, "अंडी उकडताय की भाजताय?" झालं. पाहुणचार तिथेच संपला. बाह्या सारल्या आणि कामाला लागले. पोरीला स्टुलावर बसवून अंडी सोलायला दिली.

आता मैदान. गवताची लांबलचक पट्टी, दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा. एका खांबावर कापडाची लांब पिशवी फडफडते, ती वारा कुठून येतो ते सांगते. दिवसभर सगळे आधी त्या पिशवीकडे बघतात आणि मग बोलतात, नवऱ्याचं तोंड बघून बायको विषय काढते ना, तसं. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या टोकाला, जिथून विमानं खाली येतात. मी बटाटे सोलत होते. पहिलं आलं आणि सुरी हातातच राहिली.

आधी आवाज येत नाही, बरं का. आधी झाडांच्या वर एक ठिपका, माशीएवढा. मग माशीला पंख फुटतात. मग ती खाली येते, खाली येते, आणि वाटतं आता आपटली. आणि आपटत नाही. म्हातारं माणूस खुर्चीत बसण्याआधी मागे हाताने चाचपतं की नाही? तसं जमिनीच्या अगदी वर जरा थबकतं, नाक उचलतं, आणि मग बसतं. मी म्हटलं, योगायोग असेल. दुसरं आलं, तेही तसंच. तिसऱ्याला मी बटाट्याची टोपली उचलून दारात जाऊन बसले.

सगळीच तशी नाहीत. एक दातांचा डॉक्टर आला. आपटला, उडाला, आपटला, उडाला, पुन्हा आपटला. लोक ओरडले, "डॉक्टर, एकदाच या, आम्ही ओळखलं!" तो उतरल्यावर स्वतःच सगळ्यांहून मोठ्याने हसला. मला ते आवडलं. मग एक निळं विमान आलं. त्यातून एक बाई उतरली, आपल्याहून थोरली, पांढरे केस आखूड कापलेले. विहीणबाई, दुधावर साय कधी धरली ते कुणाला कळतं का? तशी त्या बाईची चाकं गवताला लागली. लागली तेव्हा कळलंच नाही, पुढे गेल्यावर कळलं. मी तशीच सुरी घेऊन तिच्यापाशी गेले. ती जरा दचकली. म्हटलं, "बाई, झकास!" ती म्हणाली, "आज जमलं हो. रोज जमतंच असं नाही." म्हणजे हेसुद्धा आपल्यासारखं हातातलं काम आहे. मी समजत होते नुसती श्रीमंतांची मस्ती.

एक वेडेपणा सांगते. मैदान सांभाळणारे एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. तिथे कुणी छान उतरलं तर टाळ्या नाहीत, काही नाही. पण एखादा खाली येत असताना त्याला वाटलं की जमत नाहीय, वारा आडवा आहे, वेग जास्त झाला, आणि तो न टेकता तसाच वर निघून गेला, की काका दारातली घंटा बडवतात आणि ओरडतात, "परतला! त्याचा चहा आपला!" मग तो चक्कर मारून पुन्हा येतो, उतरतो, आणि त्याला आयता चहा.

मी म्हटलं, "काका, ही कसली उलटी रीत? ज्याला जमलं नाही त्याला बक्षीस?"

"ज्याला जमत नाहीय हे कळलं, त्याला," ते म्हणाले.

"मग मी पण करपलेलं ताटात न वाढणाऱ्या पोराला बक्षीस द्यायचं का?"

"द्या की."

मी चहाचं पातेलं आणखी भरलं. 

संध्याकाळी एकेक निघालं. गवतावरून पळताना सगळी गबाळी दिसतात, बदकं पाय आपटत पळतात तशी. आणि मग एका जागी आपटणं थांबतं. चाकाखाली उजेड दिसतो. बोटभर उजेड, मग हातभर, मग झाडांवरून गेलंसुद्धा. मी दिवसभर तो पहिला बोटभर उजेड बघायला मान वाकडी करत होते. आज मान तशीच राहिलीय.

तुमच्या लेकाला तिथे लंबू म्हणतात. घडीची खुर्ची मिटावी तसा मिटून त्या विमानात बसतो. चालवतो बरा.

तुमच्या कामाचं म्हणाल तर मी त्याच्याशी बोलले. तुम्ही काळजी सोडा.

तुमची विहीण


२५ एप्रिल

ताई,

मुद्दा आधी: तुम्ही मला पुन्हा झोप दिलीत.

तुमची शेवटची ओळ मी किती वेळा वाचली सांगता येणार नाही. मशीनवर बसले की वाचते, उठले की वाचते. कालच्या गणवेशाला दोन्ही बाह्या डावीकडच्याच लावल्या. उसवताना एकटीच हसत होते. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला सांगितलं, माझ्या लेकाने आभाळ सोडलं.

त्यालाही लगेच लिहिलं. लिहिलं, की बाळा, तू विमान सोडलंस हे कळलं. तुझे वडील गेल्यापासून मी दारात कुणी उभं दिसलं की घाबरत आले. आता घाबरणार नाही. तू मला जे दिलंस ते कुठल्या मुलाने आईला दिलं नसेल. तुमचं नाव घेतलं नाही, पण त्याला कळेलच.

विमानांच्या वर्णनाची पानं मी जरा भरभर वाचली, राग मानू नका. मला ते डोळ्यांपुढे आणायचं नाही. त्या पांढऱ्या केसांच्या बाई मात्र खरंच एकट्याच आल्या होत्या का? त्यांना मुलं आहेत का?

बाळासाठी अंगडी शिवायला घेतली आहेत. सूनबाईला जपायला सांगा.

तुमची कायमची ऋणी


१ मे

विहीणबाई,

मुद्दा आधी. मी खोटं लिहिलं. मी तुमच्या लेकाशी एक शब्द बोलले नाही.

आता पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण वाचून फाडा.

काल पोरीचा फोन आला. म्हणाली, "आई, तू त्याला काय सांगितलंस?" मी म्हटलं, "काही नाही." "मग त्याच्या आईला काय लिहिलंस?"  तुमचं पत्र त्याने जेवता जेवता वाचलं म्हणे. घडी करून खिशात ठेवलं. ताटातलं सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगून आला, माझ्या जागी दुसरा बघा. विमानाची किल्ली काकांच्या हातात दिली. पोरगी म्हणाली, "अरे, तू असं कधी ठरवलंस?" तर म्हणतो, "आईला झोप लागतेय, तर लागू दे." ना राग ना तक्रार. घरातले सगळे स्क्रू पिळत बसलाय. दाराच्या बिजागऱ्या, खुर्च्या, पलंग. आता घरात पिळायला काही उरलं नाही म्हणते.

माझ्या एका ओळीने हे झालं. तुम्हाला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं शब्द काढून घेते म्हणून, आणि तिथे तोंडच उघडलं नाही. का उघडलं नाही ते आता ऐका. मेळाव्याच्या पत्रात मी सगळं लिहिलं, एक गोष्ट सोडून.

तिथे पुष्कळ विमानं जुनी. त्यांत वरच्याशी बोलायला रेडिओ नसतो. म्हणून पट्टीच्या टोकाला एक माणूस दोन झेंडे घेऊन उभा असतो. हिरवा दाखवला, या. लाल दाखवला, येऊ नका, वर जा. दुपारी मी बघितलं तर तो बिचारा सकाळपासून उपाशी. मी त्याला हाताला धरून आणला आणि पानावर बसवला. म्हटलं, "झेंडे काय पळून जातात का? दोन घास खा आधी." तो खायला बसला. मी टेबलांवरचे टेबलक्लॉथ गोळा केले, चुरा झटकायला. दारात झटकला तर मुंग्या होतात, म्हणून मोकळ्यावर गेले. पार चुन्याच्या रेघेपाशी. दोन्ही हातांनी, डोक्यावरून, चांगले तीन-चार झटके दिले.

टेबलक्लॉथ लाल आहेत, विहीणबाई. माझ्याच खानावळीतून नेले होते.

वरून केवढा तरी आवाज आला. मान वर केली तर विमान एवढं जवळ की पोटावरचे टाके दिसले. खाली येत होतं ते गरजून वर उठलं आणि माझ्या डोक्यावरून निघून गेलं. टेबलक्लॉथ हातातून उडाला. झेंडेवाला तोंडात घास तसाच घेऊन धावत सुटला. काकांनी सवयीने घंटा बडवली, "परतला!", आणि मग मला बघून कपाळाला हात लावला. आणि मी, नेहमी दुसऱ्याला झापणारी, उडालेला टेबलक्लॉथ धरायला पळाले.

विमान चक्कर मारून आलं. हिरवा झेंडा बघितला, उतरलं. आतून घडी उलगडत तुमचा लेक बाहेर आला.

माझी खात्री होती की आता हा भडकणार. चारचौघांत सासूने फजिती केली, कुठला पुरुष सोसेल? मित्र तर तयारच होते. एकजण ओरडला, "सासूने जावई परतवला!" दुसरा म्हणाला, "आज लंबू टेबलक्लॉथला घाबरला रे!" सगळं मैदान हसलं. दातांचा डॉक्टर तर गवतावर बसला हसून हसून.

आणि तुमचा लेक म्हणाला, "घाबरलोच." आणि तोही हसला.

मी म्हटलं, "अरे, मी पावाचा चुरा झटकत होते!"

तो म्हणाला, "मावशी, लाल दिसलं की मी वर जातो. का दाखवलं ते खाली येऊन विचारता येतं." आणि फुकटचा चहा घेतला, साखर मागून.

विहीणबाई, मी तिथे टेबलक्लॉथ हातात घेऊन उभी होते आणि मला तुमचं पत्र आठवत होतं. मागच्या बाकावरचं ते हसणं. तेच वाक्य हो, तेच! तुम्ही म्हणता नाक बापाचं, उंची बापाची. असेल. पण सगळं मैदान हसत असताना मागे फिरणं आणि वर हसणं, हे कुणाचं आहे? मी त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू, की तू फार हट्टी आहेस, विमान सोड?

हे तेव्हाच लिहायला हवं होतं. वाटलं, बाळ होईपर्यंत तुम्ही शांत राहाल, मग बघू. चुकलं.

१७ तारखेला आसपासची काही विमानं पुन्हा जमणार आहेत. तुम्ही या. एकदा डोळ्यांनी बघा. बघूनही सोड म्हणालात, तर मी स्वतः त्याचा कान धरते. या वेळी खरंच.

तुमची विहीण


६ मे

ताई,

मी तुम्हाला लिहिलं होतं, खरं खरं कळवा. एवढंच मागितलं होतं. पुन्हा झोप गेली आहे, आणि शेजारणीला काय सांगू तेही कळत नाही.

त्याने विमान माझ्यासाठी सोडलं हे आधी गोड वाटलं होतं. आता स्क्रू पिळत बसलेला दिसतो. त्याचे वडील घरी असले की असेच बसायचे.

मी १७ तारखेला येईन. माझी अट आहे. तो लाल टेबलक्लॉथ माझ्या हातात द्यायचा. तो उडायला लागला की मी पट्टीपाशी बसेन. मला नको वाटलं तर मी तो उघडीन, आणि मग त्याने पुन्हा कधीही वर जायचं नाही. तुम्ही मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. त्याला यातलं काही सांगायचं नाही.

कबूल असेल तर कळवा.


९ मे

विहीणबाई,

कबूल.

सकाळची बस पकडा. डोक्याला बांधायला फडकं आणा, मैदानावर ऊन बोचतं. चपला बंद आणा, गवतात कुसळं असतात. डबा आणू नका, मी मेलेली नाही.

काकांना सांगावं लागलं, त्यांचं मैदान आहे.  मेळाव्यापासून त्यांनी फर्मान काढलंय, लाल कापड ज्याने स्वयंपाकघराबाहेर काढलं, दिवसभराची भांडी त्याने घासायची. तरी म्हणाले, "आईच्या हातात असेल तर चालेल." किल्ली त्यांनी खुंटीलाच ठेवली होती. मित्रांनीही दुसरा शोधलेला नाही. लंबूला सांगितलंय, तुझी आई बघायला येतेय, तिच्यासाठी एक चक्कर मार, मग ठेव किल्ली. तो म्हणाला, "आई येतेय? नक्की?" तीनदा विचारलं. पोरगी म्हणते तेव्हापासून घरातले स्क्रू त्याच्या हातून सुटलेत.

तुमची विहीण


१९ मे

विहीणबाई,

सुखरूप पोचलात ना? पोरीने तुम्हाला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा मी भांड्यांत होते. धड निरोपही घेतला नाही.

विचारायचं होतं ते तिथे विचारता आलं नाही. सगळे भोवती. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ती गोष्ट ओरडून विचारण्यासारखी नव्हती. म्हणून लिहून विचारते.

खुर्चीवर मांडीत टेबलक्लॉथची घडी घेऊन तुम्ही बसला होतात. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. विमानाकडे नाही, तुमच्या हातांकडे. अट घातली होतीत म्हणून मी तोंडावर फडकं धरलं होतं. पांढऱ्या केसांच्या बाई तुमच्याशेजारी येऊन बसल्या, त्यांनी तुम्हाला काहीतरी खाणाखुणांनी सांगितलं, तुम्ही मान हलवलीत, पण घडी सोडली नाहीत.

मग तो आला. झाडांवरून खाली उतरत होता आणि वारा फिरला. ती खांबावरची पिशवी एकदम आडवी झाली. विमान रेघेच्या बाहेर सरकायला लागलं, एक पंख खाली गेला. तुम्ही उभ्या राहिलात. टेबलक्लॉथचं एक टोक सुटून खाली लोंबलं. मला वाटलं, संपलं. आणि तेवढ्यात ते विमान गरजलं आणि वर निघून गेलं. कुणी काही दाखवलं नव्हतं. झेंडेवाल्याच्या हातात हिरवाच होता.

काकांनी घंटा बडवली. तुम्हाला ती ऐकू आली नसणार. पण ते दोरी ओढताना दिसले असतील.

तुम्ही तशाच उभ्या. तो फिरून आला, या वेळी सरळ, आणि उतरला. टेकला ते मला कळलंच नाही, पुढे पळायला लागला तेव्हा कळलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मग तुम्ही स्वयंपाकघरात आलात, मला बाजूला सारलंत, चहा ओतलात आणि त्याच्यापर्यंत घेऊन गेलात. अर्धा बशीत सांडला. त्याने आधी बशीतला प्यायला.  पोरगी रडत होती, आणि मी तिला म्हटलं, "रडू नकोस, पोटातलं पोर हिंदकळेल." आणि मीच रडत होते.

रात्री तो पोरीला म्हणाला म्हणे, "आईने सोड म्हटलं नाही. धर असंही म्हटलं नाही." किल्ली टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसलाय. म्हणून विचारते. तुम्ही उठलात, टोकही सुटलं होतं. मग टेबलक्लॉथ उघडला का नाही? आणि त्या किल्लीचं त्याने काय करायचं?

तुमची विहीण

आणि हो, टेबलक्लॉथ सापडत नाहीय. तुमच्या पिशवीत बघा.


२४ मे

ताई,

मुद्दा आधी. किल्ली खिशात ठेव म्हणावं. मीही त्याला लिहिलं आहे. पण तुमच्याकडून आधी कळलं तर त्याला गंमत वाटेल.

आता तुमचा प्रश्न. मी उघडायलाच उठले होते. बोटांनी टोक सोडलंही होतं. तेवढ्यात विमान वर गेलं. ताई, मला आवाज येत नाही, त्यामुळे तुम्हाला ते गरजलेलं ऐकू आलं, मला नाही. मला फक्त दिसलं. खाली येता येता ते थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मागे फिरलं. कुणी हात केला नाही, कुणी लाल दाखवलं नाही. मी आजूबाजूच्या माणसांची तोंडं बघितली. कुणी हसतंय का बघितलं. काही जण हसत होते, पण ते वेगळं हसू होतं. ते काका दोरीला लटकून घंटा वाजवत होते, एवढा म्हातारा माणूस, लहान पोरासारखा.

त्या पुलावर असा एखादा घंटा वाजवणारा असायला हवा होता.

मी इतकी वर्षं एक गाडी मागे फिरताना बघायची वाट बघत होते. ती फिरली, आणि त्या वेळी मी हातातलं कापड उलगडत बसू? मला तेवढं बघायचं होतं. मग तो दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या हातात काय आहे याची मला आठवणही नव्हती. तुम्ही लिहिलेला तो चाकाखालचा उजेड मी संध्याकाळी बघितला. तुम्ही बोटभर लिहिलं होतं. मला जरा जास्त वाटला, पण मी शिंपीण आहे, माप माझं बरोबर असणार.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना तीन मुलं आहेत. त्यांनी बोटांनी दाखवलं. तिन्ही घाबरतात म्हणे, आणि त्या उडतात.

तुमच्यावरचा राग अजून थोडा आहे. तो बाळ बघायला आले की जाईल.

टेबलक्लॉथ माझ्याकडेच आहे. आणायचा म्हणून आणला नाही, हातातच राहिला. बसमध्ये बघितलं तर त्याची एक कड उसवली आहे. एवढी गिऱ्हाइकं तुमच्याकडे जेवतात आणि कुणी सांगितलं नाही? मी ती दुमडून टीप घालून ठेवली आहे. पुढच्या मेळाव्याला घेऊन येते. काकांना सांगा, भांडी घासायला लावू नका, मी तो स्वयंपाकघरातल्या आतल्या टेबलावर घालीन आणि बाहेर काढणार नाही.

परतणाऱ्यांचा चहा मी करीन. तुम्ही फार कडक करता.

तुमची विहीण